पगाराचं खातं, १०,००० चा मिनिमम बॅलन्स आणि कापलेले ४५३ रुपये: हा दंड न्याय्य आहे का?

प्रश्न असा आलाय. आई भोसरीला एका कंपनीत पॅकिंगला आहे, पगार १८,००० रुपये, ७ तारखेला होतो. आधीच्या कॉन्ट्रॅक्टरने खासगी बँकेत झीरो बॅलन्सचं सॅलरी अकाउंट काढून दिलं होतं. कॉन्ट्रॅक्टर बदलला, पगार त्याच खात्यात येत राहिला, पण आता दर महिन्याला मिनिमम बॅलन्स नाही म्हणून ४५३ रुपये जातात आणि एकदा मोबाईलच्या हप्त्याच्या दिवशी, ५ तारखेला, खात्यात पैसे नव्हते तर ५९० वेगळे गेले. हे कायदेशीर आहे का, न्याय्य आहे का, आणि संसदेत दर वर्षी यावर एवढा ओरडा होतो तर बंद का होत नाही? बँकेची बाजू काय असेल तीही सांगा.

मी ३१ वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची ११ वर्षं ब्रँच मॅनेजर म्हणून, आधी तालुक्याच्या गावात आणि मग पुण्याच्या इंडस्ट्रियल भागात, त्यामुळे हे पैसे कापले जाताना मी काउंटरच्या आतल्या बाजूने बघितलेत. उत्तर लांबणार आहे कारण दोन ओळीत सांगण्यासारखा हा विषय नाही.

कायदेशीर आहे का, तर बहुतेक वेळा हो. न्याय्य आहे का, तर माझ्या मते नाही. पण "बँका लुटतात" हे जे कारण लोक देतात ते माझं कारण नाहीये. चेकबुकचे पैसे घ्या, डीडीचे घ्या, लॉकरचे घ्या, मला त्यात काही चूक वाटत नाही, सेवा दिली, पैसे घेतले. मिनिमम बॅलन्सचा दंड वेगळा आहे, तो सेवेचा नाही, तो पैसे नसण्याचा आहे, आणि जेवढे कमी पैसे तेवढा जास्त दंड अशी त्याची रचनाच आहे.

आधी तुमच्या आईच्या खात्याचं काय झालं ते सांगते कारण हे हजारो जणांचं होतं आणि कोणी समजावून सांगत नाही. सॅलरी अकाउंट झीरो बॅलन्स असतं ते कंपनीचं किंवा कॉन्ट्रॅक्टरचं बँकेशी टाय-अप असतं म्हणून. पगार सॅलरी म्हणून येणं थांबलं की साधारण ३ महिन्यांनी सिस्टीम ते खातं साध्या सेव्हिंगमध्ये टाकते. नवा कॉन्ट्रॅक्टर पैसे साध्या एनईएफटीने टाकत असेल तर सिस्टीमला तो पगार दिसतच नाही, तिच्यासाठी ते कुठूनतरी आलेले १८,००० रुपये असतात. मग शहरातल्या ब्रँचचा १०,००० चा मंथली ॲव्हरेज बॅलन्स लागू होतो. एसएमएस येतो, इंग्रजीत, बाकीच्या पन्नास जाहिरातींच्या एसएमएसमध्ये.

आता हिशोब करू कारण सगळा वाद या हिशोबात आहे. ॲव्हरेज बॅलन्स म्हणजे रोज रात्री दिवस संपताना खात्यात किती होते त्या सगळ्याची बेरीज भागिले महिन्याचे दिवस. आईचा पगार ७ ला आला, ७, ८, ९ असे तीन दिवस १८,००० राहिले, १० ला घरभाडं, वाण्याची उधारी, भिशी, सगळं गेलं आणि उरलेले २७ दिवस २,००० राहिले असं धरा. ५४,००० आणि ५४,००० मिळून १,०८,०००, भागिले ३०, म्हणजे ३,६०० ॲव्हरेज. १०,००० ला ६,४०० कमी पडले. मोठ्या खासगी बँकांमध्ये कमी पडलेल्या रकमेच्या ६ टक्के किंवा ५००-६०० रुपये यातलं जे कमी ते लावतात, ६,४०० चे ६ टक्के ३८४, त्यावर १८ टक्के जीएसटी, झाले ४५३. तुम्ही लिहिलेला आकडा बरोब्बर इथून येतो. वर्षाचे ५,४३६ रुपये, म्हणजे त्या माउलीचा नऊ दिवसांचा पगार.

आणि दुसऱ्या बाजूला कोणी फक्त तीन दिवस १ लाख रुपये खात्यात ठेवले आणि बाकीचे २७ दिवस शून्य ठेवलं तरी त्याचा ॲव्हरेज बरोबर १०,००० येतो, त्याला एक रुपया दंड नाही.

ते ६ टक्के वर्षाचे नाहीत, महिन्याचे आहेत, हे लक्षात घ्या. जे पैसे तुमच्याकडे नाहीतच त्यांच्यावर महिन्याला ६ टक्के, वर्षाला ७२. मी आयुष्यभर कर्जं दिली, ७२ टक्के व्याज कुठल्या शेड्युलमध्ये पाहिलं नाही, सावकाराबद्दल असं ऐकलं तर आपण पोलिसात जा म्हणतो. बँक म्हणेल की हे व्याज नाही, चार्ज आहे. ठीक आहे, मग चार्ज कशाचा? ते ६,४०० रुपये खात्यात असते तर बँकेचा काय फायदा झाला असता? तुम्हाला अडीच टक्क्याच्या आसपास व्याज दिलं असतं, पुढे कोणाला तरी नऊ-साडेनऊ टक्क्याने कर्ज दिलं असतं, मधला फरक ७ टक्के धरा, सीआरआर (रिझर्व्ह बँकेकडे ठेवावा लागणारा ठेवींचा हिस्सा) वगैरे सोडून देते, बँकेच्या सोयीने जास्तच धरतेय. ६,४०० वर वर्षाला ७ टक्के म्हणजे महिन्याला ३७ रुपये. बँकेचं नुकसान ३७ चं आणि वसुली ३८४ ची, दहा पट. माझा आक्षेप एवढाच आहे आणि मी जिथे जिथे बोलते तिथे हाच हिशोब मांडते.

आता नियम. रिझर्व्ह बँकेचं २० नोव्हेंबर २०१४ चं एक सर्क्युलर आहे, १ एप्रिल २०१५ पासून लागू, आणि ते चांगलं आहे, मी आमच्या ब्रँचमध्ये स्टाफला वाचून दाखवलं होतं. त्यात म्हटलंय की बॅलन्स कमी झाला तर आधी ग्राहकाला एसएमएस, ईमेल किंवा पत्राने कळवायचं, निदान एक महिन्याची मुदत द्यायची, आणि तरीही भरला नाही तरच चार्ज लावायचा. चार्ज कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात हवा. नुसत्या या दंडामुळे खातं मायनसमध्ये जाता कामा नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य म्हणजे चार्ज वाजवी असावा, सेवा देण्याच्या सरासरी खर्चाशी विसंगत नसावा. आता हे "वाजवी" कोणी ठरवायचं? बँकेच्या बोर्डाने. जो पैसे घेणार त्यानेच वाजवी काय ते ठरवायचं, तिथेच त्या चांगल्या सर्क्युलरचा दात पडला.

मायनसमध्ये जायचं नाही या नियमाचंही काय होतं ते सांगते. खात्यात २०० रुपये असतील आणि चार्ज ४५३ असेल तर बऱ्याच ठिकाणी सिस्टीम २०० घेते आणि उरलेले २५३ लक्षात ठेवते, मग पुढचे पैसे आले की त्यातून घेते. कागदावर खातं मायनस झालं नाही, पण माणसासाठी काय फरक पडला? शिष्यवृत्ती आली की कापली, नुकसानभरपाई आली की कापली. ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिल्या दोन महिन्यांचे ३,००० रुपये खात्यांवर आले तेव्हा महाराष्ट्रभर हेच दिसलं, बायका बँकेत गेल्या तर थकलेल्या चार्जेसमध्ये किंवा जुन्या कर्जात पैसे गेलेले, शेवटी राज्य सरकारला बँकांना सांगावं लागलं की हे पैसे कापू नका. कितीतरी जणींना आपल्या खात्यावर काही थकलंय हेच त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग राजकारण. यात पक्ष बघू नका, सगळे आलटून पालटून दोन्ही खुर्च्यांवर बसलेत. स्टेट बँकेने २०१२ मध्ये हा दंड काढून टाकला होता, आणि १ एप्रिल २०१७ पासून परत आणला, ठेवायचा बॅलन्स मेट्रोमध्ये ५,०००, शहरात ३,०००, निमशहरी २,०००, खेड्यात १,०००. मग जानेवारी २०१८ मध्ये आकडा बाहेर आला की एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या ८ महिन्यांत बँकेला या दंडातून १,७७१ कोटी मिळाले, आणि त्याच वर्षीच्या जुलै ते सप्टेंबर तिमाहीचा बँकेचा निव्वळ नफा होता १,५८१ कोटी. त्यावर जो गदारोळ झाला तो मला नीट आठवतो, आमच्या काउंटरवर लोक मोबाईलमधली बातमी दाखवत यायचे, आमची बँक वेगळी असली तरी. एप्रिल २०१८ पासून स्टेट बँकेने चार्ज बराच उतरवला, मेट्रोमधला ५० चा १५ रुपयांवर आणला, आणि मार्च २०२० मध्ये सगळ्या सेव्हिंग खात्यांवरची अटच काढली.

पण बाकीच्या बँकांचं चालूच होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्यसभेत उत्तर आलं, तेव्हाचे अर्थ राज्यमंत्री भागवत कराड यांनी दिलेलं, आपल्या संभाजीनगरचे. सरकारी बँका आणि पाच मोठ्या खासगी बँका मिळून २०१८ पासून ३५,००० कोटींच्या वर चार्जेस घेतले होते, त्यात नुसत्या मिनिमम बॅलन्सचे २१,०४४ कोटी, एटीएमच्या जादा व्यवहारांचे ८,२८९ कोटी आणि एसएमएसचे ६,२५४ कोटी. मग जुलै २०२४ मध्ये लोकसभेत सांगितलं गेलं की सरकारी बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत मिनिमम बॅलन्सचे सुमारे ८,५०० कोटी घेतले. राहुल गांधींनी त्यावर टीका केली, सरकारचं म्हणणं नेहमीचंच, की रिझर्व्ह बँकेने बँकांच्या बोर्डांना हा अधिकार दिलाय आणि जनधन खात्यांना हा दंड लागतच नाही.

हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही अपुरं आहे. विरोधक कोटींचा आकडा घेऊन उभे राहतात, एक दिवस बातमी होते, संपलं. पण आकड्याने काय सिद्ध होतं? मोठी बँक असेल तर मोठा आकडा असणारच. कोणी खासदार असं विचारत नाही की हा दंड ज्यांना लागला त्यांचा सरासरी बॅलन्स किती होता, किती जणांना वर्षात तीनपेक्षा जास्त वेळा लागला, आणि एका खात्यामागे बँकेचा खर्च किती आणि वसुली किती. हे प्रश्न विचारले की उत्तर देणाऱ्याला ३७ आणि ३८४ चा हिशोब मांडावा लागेल. आणि "जनधनला लागत नाही" हे उत्तर देणाऱ्यांनाही एक विचारायचंय, मग लागतो कोणाला? कोट्यधीशाला तर लागत नाही.

इथे बँकेची बाजू येते आणि ती मला प्रामाणिकपणे सांगायला हवी कारण मी तिथे बसले आहे. खातं फुकटात चालत नाही. ब्रँचचं भाडं, स्टाफ, सॉफ्टवेअर, पासबुक, केवायसीचे कागद, दुसऱ्या बँकेच्या एटीएममधून तुम्ही पैसे काढले की आमची बँक त्या बँकेला पैसे देते. यूपीआयचं तर सगळ्यांनाच कौतुक आहे, मलाही आहे, पण जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डवर दुकानदाराकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे, दिवसाला पन्नास व्यवहार करणाऱ्या खात्याचा खर्च बँकच सोसते. २०१७ ला दंड परत आणताना स्टेट बँकेच्या तेव्हाच्या अध्यक्षा अरुंधती भट्टाचार्य यांनी जनधनच्या करोडो खात्यांचा बोजा हे कारण दिलं होतं आणि ते काही खोटं नव्हतं. जनधनची खाती उघडताना आम्ही रविवारी पण बसलोय, गावात टेबल टाकून बसलोय, ते काम मला आजही अभिमानाचं वाटतं, आणि त्याचा खर्च सरकारने बँकांना पूर्ण भरून दिला असं नाही.

पण मग तो खर्च कोणाच्या डोक्यावर टाकला ते बघा. सगळ्यात गरिबाला, जनधनवाल्याला, माफी. मोठ्या ठेवीदाराला माफी, वर रिलेशनशिप मॅनेजर. राहिला कोण, तर मधला खालचा, पॅकिंगवाली, सिक्युरिटी गार्ड, डिलिव्हरीवाला, लहान गावातून शिकायला आलेला पोरगा, ज्याचं खातं जनधन नाही पण खात्यात १०,००० पण टिकत नाहीत. तळाच्या पायरीचा खर्च तळापासून दुसऱ्या पायरीवरच्या माणसाने भरायचा, आणि वरच्या पायऱ्यांनी काहीच नाही. गरिबांसाठी खाती हवीत तर हा खर्च सरकारने बजेटमधून द्यावा किंवा बँकेने सगळ्या ग्राहकांवर थोडा थोडा पसरवावा, मला दोन्ही चालेल.

आणि एक गोष्ट जी बाहेर कोणाला दिसत नाही. कापलेला चार्ज परत करायचा अधिकार ब्रँच मॅनेजरला असतो, ठराविक रकमेपर्यंत. एकदा एक हार्डवेअरवाले शेठ आले, दुसऱ्या खात्यातून ११८ रुपये गेले होते, चार लाखांची एफडी आमच्याकडे, आवाज चढवला, मी पाच मिनिटांत रिव्हर्स करून दिले, चहा पण मागवला. त्याच आठवड्यात एक बाई आल्या, धुणीभांडी करणाऱ्या, पासबुक भरून घेतलं आणि मला दाखवून विचारलं, "मॅडम, हे कशाचे गेले?" तीन महिन्यांचे मिळून साडेतीनशेच्या आसपास होते. मी सांगितलं, बॅलन्स ठेवावा लागतो. त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. त्यांनी परत मागितले नाहीत आणि माझ्या मनात ते परत करायचं आलं नाही. संध्याकाळी व्हाउचर बघताना लक्षात आलं तेव्हा मला फार वाईट वाटलं, दुसऱ्या दिवशी मी ते परत टाकले, पण तोपर्यंत अशा किती जणी "बरं" म्हणून गेल्या असतील? सिस्टीम कापते सगळ्यांचं पण परत मिळतं भांडता येणाऱ्यालाच, आणि भांडता येतं ते पैसेवाल्याला. त्या दिवसानंतर मी दर महिन्याला चार्जेसचा रिपोर्ट काढून १,००० च्या आतले बॅलन्स असलेल्यांचे जेवढे अधिकारात होते तेवढे स्वतःहून परत करायचे, वरून दोनदा विचारणा झाली, उत्तर दिलं.

आता ५९० चं बघू कारण तो प्रकार जास्त वाईट आहे आणि त्यावर संसदेत जवळजवळ कोणी बोलत नाही. हप्त्यासाठी तुम्ही मॅन्डेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे काढायची परवानगी, दिलेला असतो, ठरलेल्या तारखेला फायनान्स कंपनी पैसे ओढते, खात्यात नसतील तर रिटर्न. तुमची बँक ५०० अधिक जीएसटी घेते, ५९०, आणि फायनान्स कंपनी तिचा बाऊन्स चार्ज वेगळा लावते. काही कंपन्या त्याच महिन्यात परत परत मॅन्डेट टाकतात, प्रत्येक वेळी रिटर्न, प्रत्येक वेळी चार्ज. १,५०० च्या हप्त्यापायी एका महिन्यात १,५०० पेक्षा जास्त दंड झालेली पासबुकं मी पाहिलीत. बँकेचा यात खर्च काय? माणसाचा हात लागत नाही, रात्री फाईल येते, मशीन "अपुरी शिल्लक" असा कोड लावून फाईल परत पाठवतं.

अमेरिकेत हाच वाद ओव्हरड्राफ्ट फीच्या नावाने वर्षानुवर्षं चाललाय आणि तिथून शिकण्यासारखं आहे. तिथे फरक असा की खात्यात पैसे कमी असले तरी बँक बिल पास करते आणि मग ३५ डॉलरच्या आसपास फी लावते. म्हणजे निदान बिल तरी भरलं जातं, आपल्याकडे हप्ता पण जात नाही आणि दंड पण बसतो. तिथे काही बँका दिवसभरातले व्यवहार आलेल्या क्रमाने न लावता मोठी रक्कम आधी लावायच्या, म्हणजे खातं लवकर रिकामं होतं आणि मागून येणाऱ्या लहान लहान पाच-सहा व्यवहारांवर फी लागते, वेल्स फार्गोला याबद्दल २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोर्टाने २० कोटी ३० लाख डॉलर ग्राहकांना परत द्यायला सांगितले. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्राहक संरक्षण संस्थेने, सीएफपीबीने, १० अब्ज डॉलरपेक्षा मोठ्या बँकांसाठी नियम केला की एकतर फी ५ डॉलर ठेवा, किंवा स्वतःचा खर्च निघेल एवढीच घ्या, किंवा त्याला सरळ कर्ज म्हणा आणि व्याजदर उघड करा. मला तो नियम फार पटला होता. पण सरकार बदललं, मार्च २०२५ मध्ये सिनेटने ५२ विरुद्ध ४८ ने तो उडवला, एप्रिलमध्ये खालच्या सभागृहाने, आणि मेमध्ये ट्रम्प यांनी सही केली. उडवणाऱ्यांचं म्हणणं असं की फी बांधली तर बँका ओव्हरड्राफ्ट देणंच बंद करतील आणि गरीब माणूस महागड्या सावकारी कर्जाकडे जाईल.

हे म्हणणं मी गंभीरपणे घेते, नियमाने दरवाजा बंद होतो हे मी आपल्याकडे पण पाहिलंय. पण इंग्लंडचं उदाहरण समोर आहे. तिथे बँकांनी २००९ मध्ये सुप्रीम कोर्टात ओव्हरड्राफ्टच्या फीची केस जिंकली होती, आणि तरी पुढे नियामक संस्थेने एप्रिल २०२० पासून ओव्हरड्राफ्टवरची ठोक फी बंद केली, फक्त वार्षिक व्याज लावा म्हटलं. बँकांनी दर ४० टक्क्यांच्या आसपास नेले, त्यावर पण ओरड झाली, आणि ४० टक्के हा आकडा भयंकर वाटतोच. पण १०० पाउंड १० दिवस कमी पडले तर ४० टक्क्याने होतात १ पाउंड १० पेन्स. ठोक फीचं वाईट हेच असतं की १०० रुपये कमी पडले काय आणि १०,००० काय, मार तेवढाच.

आपल्याकडे हेच करून बघा. १,५०० चा हप्ता, खात्यात पैसे नाहीत, बँकेने ५ दिवसांसाठी १२ टक्क्याने पास केला तर व्याज होतं २ रुपये ४७ पैसे. ५९० च्या जागी अडीच रुपये. आणि ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही, जनधन खात्यावर ओव्हरड्राफ्टची सोय सुरुवातीपासून आहे, आधी ५,००० पर्यंत, २०१८ पासून १०,००० पर्यंत, त्यातले २,००० तर कुठलीही अट न लावता. पण किती जणांना कोणी दिलं? ब्रँचला भीती असते की थकलं तर एनपीएमध्ये, म्हणजे थकीत कर्जांत, दिसणार, २,००० च्या खात्यासाठी फॉलोअप कोण करणार, म्हणून काउंटरवर विषयच काढत नाहीत, आणि मी स्वतः पण सुरुवातीची दोन वर्षं काढला नव्हता. नंतर बचत गटाच्या बायकांना दिले, त्यांचे पैसे वेळेवर यायचे.

मग बंद का होत नाही याचं उत्तर. सरकारी बँकांमध्ये बऱ्याच अंशी झालंय. जून २०२५ पासून कॅनरा बँकेने काढला, मग जुलैमध्ये पंजाब नॅशनल, बँक ऑफ बडोदा, इंडियन बँक, बँक ऑफ इंडिया यांनी. संसदेतल्या प्रश्नांचा दबाव होता हे खरं, पण मला वाटतं खरं कारण ठेवी आहेत, लोक सेव्हिंगमधून पैसे काढून म्युच्युअल फंडात टाकायला लागलेत आणि बँकांना नवीन खाती हवीत. खासगी बँकांची दिशा उलटी. ऑगस्ट २०२५ मध्ये आयसीआयसीआय बँकेने शहरातल्या नव्या खात्यांसाठी ५०,००० चा ॲव्हरेज जाहीर केला, लोक खवळले, काही दिवसांत १५,००० वर आणला. रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांना विचारलं तर ते म्हणाले हे नियमनाच्या कक्षेत येत नाही, बँकांनी ठरवायचं. किती बॅलन्स मागायचा ते बँकेने ठरवावं, माझं त्याला काही म्हणणं नाही, दुकान त्यांचं आहे. पण कमी पडला तर किती कापायचं हे रिझर्व्ह बँकेच्याच सर्क्युलरमध्ये "वाजवी" या शब्दाने बांधलेलं आहे, तो शब्द आकड्यात लिहा एवढी माझी मागणी आहे. कमी पडलेल्या रकमेवर बँकेचा जेवढा फायदा बुडाला तेवढंच, त्याच्या वर एक पैसा नाही.

आणि एक शब्द पकडून मागे लागलं तर होतं, हे आपल्याच पवईच्या आयआयटीतल्या प्रा. आशिष दास यांनी दाखवलंय. बेसिक खात्यावर, म्हणजे मिनिमम बॅलन्स न लागणाऱ्या साध्या खात्यावर, महिन्यात ४ डेबिट झाले की पुढच्या प्रत्येकाला स्टेट बँक १७ रुपये ७० पैसे कापत होती, यूपीआयचे असले तरी, आणि ते नियमात बसत नाही हे त्यांनी अभ्यास करून मांडलं. ऑगस्ट २०२० मध्ये सीबीडीटीने, म्हणजे केंद्राच्या प्रत्यक्ष कर मंडळाने, बँकांना सांगितलं की १ जानेवारी २०२० पासून डिजिटल व्यवहारांवर कापलेलं परत करा, आणि बँकेने सुमारे ९० कोटी परत केले. सगळे नाही मिळाले, पण मिळाले.

आता तुमच्या आईसाठी. आधी नव्या कॉन्ट्रॅक्टरला सांगा की पगार सॅलरी म्हणून टाका आणि बँकेला तसं पत्र द्या, ते होत असेल तर खातं परत झीरो बॅलन्समध्ये येऊ शकतं. ते नाही झालं तर त्याच ब्रँचमध्ये बेसिक सेव्हिंग बँक डिपॉझिट अकाउंट करून द्या असा लेखी अर्ज करा, हे खातं २०१२ पासून प्रत्येक बँकेला, खासगीला सुद्धा, द्यावंच लागतं आणि त्याला मिनिमम बॅलन्स नसतो. काउंटरवर सांगतील की त्यात ५०,००० च्या वर ठेवता येत नाही, ते चूक आहे, ती मर्यादा कागदपत्रं अपुरी असलेल्या स्मॉल अकाउंटची आहे, आधार-पॅन पूर्ण दिलेल्या बेसिक खात्याला नाही. महिन्यात ४ वेळा पैसे काढणं फुकट असतं, एवढं आईंना पुरेल. फक्त त्याच बँकेत दुसरं सेव्हिंग खातं ठेवता येत नाही.

हप्त्याची तारीख १० करून घ्या, फायनान्स कंपनीला ईमेल केला की बहुतेक जण बदलून देतात, पगार ७ ला आणि हप्ता ५ ला अशी तारीख मुळात दिलीच कशी हे पण विचारा.

आणि कापलेल्या पैशांसाठी अर्ज करा. पहिला चार्ज लागायच्या आधी एक महिना कळवलं होतं का, कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरवर, हे लेखी मागा, २०१४ च्या सर्क्युलरची तारीख अर्जात घाला, तारीख घातली की अर्ज वाचला जातो, हे मी अनुभवाने सांगते. अर्जाची पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा, ऑनलाईन होते, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. पासबुक छापून घ्या किंवा स्टेटमेंट काढा, कॉन्ट्रॅक्टर बदलल्याच्या महिन्यापासूनचं, प्रत्येक कापलेल्या एन्ट्रीखाली पेनने रेघ मारा आणि बेरीज अर्जावर लिहा. जाताना आईंना सोबत न्या, खातं त्यांचं आहे आणि सही पण त्यांचीच लागेल.